अर्ध्या श्वासाचा उशीर

ढोलमास्तरांनी आपल्या तीन ढोलांना नावं दिली होती: थोरली, मधली आणि धाकटी. त्यांच्या बायकोला हे मुळीच रुचायचं नाही. "घरात मी एकटी आणि तिकडे तीन सवती," असं ती चारचौघांत सुनवायची, आणि मास्तर काही ऐकूच न आल्यासारखे धाकटीचं कातडं टेबललॅम्पच्या उबेला धरून बसायचे. बायको मास्तरांच्याच नाटकमंडळीत कपडेपट सांभाळायची. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या तिला नवऱ्याच्या हातावरून त्याचा मूड कळायचा. आज थोरलीला जरा जास्तच बडवतायत, म्हणजे सकाळचं भांडण अजून गेलेलं नाही, असा तिचा हिशेब असे, आणि तो सहसा चुकत नसे.

तरुणपणी मास्तर पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात होते. तिथल्या आवाजाने बाकीच्यांचं डोकं उठायचं, यांना त्यात ताल सापडला. हातोडीवरून ते ढोलावर आले आणि कसरतीच्या या नाटकमंडळीत शिरले, ते तिथेच म्हातारे झाले. मंडळींचा खेळ एकच, पण वर्षानुवर्षं चालणारा. त्याचे भाग चार: माती, पाणी, आग आणि वारा. तोंडाने कुणी एक अक्षर बोलायचं नाही. मातीच्या भागात माणसं चिखलातून मुळांसारखी वळवळत वर यायची, पाण्यात निळ्या कापडाच्या लाटांवरून कोलांट्या मारायची, आगीत पेटत्या कड्यांतून आरपार जायची आणि शेवटी वाऱ्याच्या भागात उंच झोक्यांवरून उडायची. या सगळ्यांच्या वतीने बोलायचा तो एकटा मास्तरांचा ढोल.

वाऱ्याच्या भागात उडायची ती त्यांची मुलगी. लहानपणी ती पलंगावरून टेबलावर आणि टेबलावरून बापाच्या पाठीवर अशा उड्या मारायची, म्हणून मास्तर तिला पिसू म्हणायचे. ती तरणीताठी झाली, जाहिरातीच्या फलकावर तिचं चित्र लागलं, तरी मंडळीत सगळ्यांसाठी ती पिसूच राहिली. तिला झेलणारा गडी होता सांडशी. त्याची पकड सांडशीसारखी होती आणि स्वभाव लोण्यासारखा. स्वभावावरून नाव ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

या भागातली शेवटची उडी मात्र जीव टांगणीला लावणारी होती. ती काळोखात व्हायची. पिसू एका झोक्यावर, समोरच्या झोक्यावर सांडशी उलटा लटकलेला, ढोल चढत चढत जायचा आणि एकदम सगळे दिवे जायचे. तिला तो दिसत नसे, त्याला ती दिसत नसे. दोघांमध्ये फक्त ढोल. त्याच काळोखात मास्तर थोरलीवर एकच थाप मारायचे. तिला मंडळीत सोडथाप म्हणत. ती थाप पडली की पिसूने हात सोडायचे, आणि सांडशीने आपले हात पुढे टाकायचे. लगेच दिवे लागायचे, तेव्हा पिसू सांडशीच्या हातांत झुलताना दिसायची, आणि प्रेक्षक इतका वेळ रोखलेला श्वास सोडायचे. खाली गादी असायची, पण त्या उंचीवरून गादी म्हणजे नुसतं मनाचं समाधान. जाळी बांधायची ती तालमीत. खेळात जाळी लावली तर बघणाऱ्यांचं काळीज कशाला हललं असतं?

मास्तर वाजवताना ढोलाकडे कधी बघत नसत, वर बघत. त्यामुळेच पुढचं सगळं झालं.

एका खेळात दिवे लागले तेव्हा पिसू सांडशीच्या एकाच हाताला लोंबकळत होती. घामाने दुसरं मनगट निसटलं होतं. प्रेक्षकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग; त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सांडशीने तिला वर ओढून घेतलं, ती हसून वाकलीसुद्धा. कपडे बदलताना आईला म्हणाली, "काही नाही गं, जरा घसरलं." आईने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथेच बसून रडली. मास्तर रडले नाहीत. घरी येऊन नेहमीसारखे जेवले. पण त्या टाळ्या चालू असताना त्यांच्या पोटात जो गोळा आला होता, तो तिथेच मुक्काम ठोकून राहिला.

तेव्हापासून त्यांचा हात मागे राहू लागला. फार नाही, अर्धा श्वास. काळोख झाला की मास्तरांचं टिपरू वर जायचं आणि तिथेच थबकायचं, लेकीला काठावरून ढकलायला बापाचा हात धजत नसावा तसं. मग थाप पडायची. हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं, आणि इतरांना कळायचं काही कारण नव्हतं, कारण पिसूच्या शरीराने तो उशीर केव्हाच सामावून घेतला होता. ती झोका किंचित उशिरा घेऊ लागली. सांडशीही तिच्या मागोमाग सैलावला. खेळ होत राहिले, पिसू पोचत राहिली. मास्तरांना वाटायचं, आपण पूर्वीसारखंच वाजवतोय.

मग मंडळींना नवं, मोठं नाट्यगृह मिळालं आणि आजवर थाप ऐकून हाताने लावले जाणारे दिवे तिथे संगणकावर गेले. धूर, पडदे, दिवे, सगळं एकदा सुरू केलं की आपापल्या वेळेला आपोआप होणार. पहिल्याच तालमीत शेवटच्या उडीला दिवे आधी लागले आणि थाप मागून पडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दिवेवाल्याने मशीन तपासलं. मशीन ठीक होतं.

दिग्दर्शिकेला सगळे बाई म्हणत. बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी मास्तरांच्या कानात एक यंत्र घालून दिलं, त्यात टिकटिक ऐकू यायची, तिच्यावर वाजवायचं. बाकी सगळा खेळ मास्तरांनी त्या टिकटिकीवर चोख वाजवला. सोडथाप मात्र दर वेळी मागे पडली. शेवटी बाईंनी त्यांना खोलीत बोलावून खुर्ची दिली, चहा दिला, आणि मास्तरांनी ओळखलं की आता आपली गच्छंती होणार.

"मास्तर, वय कुणाला चुकलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही नव्या पोरांना शिकवा. नाव तुमचंच राहील."

मास्तर चहा संपवून बाहेर आले. तिन्ही ढोलांना गवसणी घातली. घरी बायकोने ताट वाढलं आणि पहिल्यांदाच सवतींची चौकशी केली, तेव्हा मास्तर ताटावरून उठले.

इथपर्यंतचं दुःख मामुली म्हणायचं. म्हातारपणी हातातलं काम जाणं जगात काही नवीन नाही. खरा घाला पडला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.

नवा ढोलवाला तरतरीत होता, अदबीने वागणारा होता, आणि त्याचा हात खरोखरच सुरेख होता. मास्तरांनी ते मनातल्या मनात कबूल केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली तालीम प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून बघितली. वाऱ्याचा भाग आला. ढोल चढला, दिवे गेले. मास्तरांचा उजवा हात सवयीने गुडघ्यावरून वर उचलला गेला. पुढून थाप आली, आणि मग मास्तरांचा तळहात गुडघ्यावर पडला. दिवे लागले. सांडशीने पिसूला मनगटाला नाही, बोटांना धरलं होतं. पुढच्या क्षणी ती जाळीत होती. जाळीवर दोनदा उसळून ती हसत उठली.

"नवा जरा घाई करतो!" ती जाळीतून ओरडली. "होईल सवय!"

बाईंनी पुन्हा करायला लावलं. या खेपेला मास्तरांनी डोळे मिटून घेतले आणि नुसतं ऐकलं. थाप. मग त्यांचा स्वतःचा हात. आणि त्याच क्षणी वरच्या झोक्याच्या दोरांची ती ओळखीची कुरकुर, पिसूने हात सोडल्यावर रिकामा झोका करतो ती. थापेबरोबर नव्हे. त्यांच्या हाताबरोबर.

मास्तरांनी डोळे उघडले. पोरीला वाटत होतं ती ढोलावर उडते, पण ढोल बदलला तरी ती सोडत होती तेव्हाच, जेव्हा बापाच्या भीतीने सोडायला परवानगी दिली असती. सांडशी चार ठिकाणी काम करून आलेला, त्याने नवा ताल एका दिवसात उचलला. पिसूने जन्मात दुसऱ्या कुणाच्या हाताखाली उडी मारली नव्हती. पहिला खेळ तोंडावर आला होता, आणि खेळात जाळी नव्हती.

ते तसेच उठून बाईंकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे सगळं उलटसुलट बाहेर आलं. "तिला माझ्याच थापेवर सोडू द्या. दिवे उशिरा लावा. नाहीतर ती पडेल."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात मास्तरांना फार लागला, कारण त्यात कीव होती. "मास्तर, सोडून देणं अवघड असतं हे मला कळतं. पण पोरीच्या नावाने भीती घालू नका."

आता सांगा, यावर माणसाने काय करावं? खरं बोलावं तर ते खुर्ची टिकवायचा डाव वाटतं, गप्प बसावं तर पोर जिवानिशी जाते. मास्तर सांडशीकडे गेले. सांडशी मनगटांना खडूची पूड चोळत होता. त्याने ऐकून घेतलं, आणि नजर चुकवत म्हणाला, "काका, मी आहे ना. बोटं मिळाली तरी सोडत नाही मी. तुम्ही घरी जाऊन आराम करा." आपल्या मागे मंडळी काय बोलत असतील ते मास्तरांना तेवढ्यावरून समजलं.

मग त्यांनी लाज कोळून प्यायली आणि नव्या ढोलवाल्याला गाठलं. तो डबा खात होता. वडीलधारा माणूस आला म्हणून उठून उभा राहिला.

"शेवटची थाप उशिरा मारशील?" मास्तरांनी विचारलं.

त्याने थट्टा केली नाही, हे त्याचे उपकार. नीट विचार करून तो म्हणाला, "मारीन की. दिव्यांचं मग बघू, बाई ओरडतील तर ओरडतील. पण किती उशिरा, काका?"

किती ते मास्तरांनाच माहीत नव्हतं. ते कधी मोजलंच नव्हतं. दोघांनी रिकाम्या रंगमंचावर थोरली काढून करून बघितलं. नवा मारायचा ती थाप एकदा फार उशिरा पडायची, एकदा लवकर. मास्तरांनी स्वतः मारून दाखवली, तर ती चक्क वेळेवर पडली. पुन्हा मारली, पुन्हा वेळेवर. वर झोक्यावर पिसू नव्हती, मग हात थबकणार कशाला? नवा ढोलवाला त्यांच्याकडे बघतच राहिला, आणि मास्तरांनी टिपरू खाली ठेवलं.

रात्री घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती गाऊनला टीप घालत होती. तिने सुई खोचून ठेवली.

"पिसूला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका," ती म्हणाली. लगेच म्हणाली, "नाही, सांगा." मग डोक्याला हात लावून बसली. "सांगितलंत तर ती वर गेल्यावर विचार करेल. वर विचार केला की माणूस पडतो, हे तुम्हीच म्हणायचात."

"आणि नाही सांगितलं तर?"

तिने खोचलेली सुई काढली आणि पुन्हा तिथेच खोचली. शेजारच्या खोलीत पिसू घोरत होती. उद्याची काळजी असलेलं माणूस असं घोरत नाही. बायकोने एकदाच, अगदी हळू, विचारलं, "अहो, इतकी भीती वाटत होती तर मला का नाही बोललात?" भीती वाटते आहे हे मास्तरांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

सकाळी पिसू मनगटांना पट्टी गुंडाळत असताना त्यांनी सांगून टाकलं. ती आधी हसली. मग पट्टी गुंडाळणारा हात थांबला.

"म्हणजे नवा घाई नाही करत?"

"नाही."

"मी उशिरा सोडते?"

"तू नाही गं. मी. माझा हात..."

"बाबा, वर तुम्ही नसता. मी असते." तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं मला वाटलं, माझं टायमिंग आहे. सगळे म्हणतात, पिसूचं टायमिंग म्हणजे काय! आणि ते तुमचं होतं? तुमच्या घाबरण्याचं?"

पट्टी तशीच अर्धी लोंबती ठेवून ती निघून गेली.

तालमीत तिने स्वतःच बाईंना सांगितलं, "आज मी थाप ऐकून सोडणार." जाळी बांधली होती. दिवे गेले, थाप पडली, आणि पिसू इतकी आधी सुटली की सांडशीचे हात रिकामे फिरले. जाळीत पडली. पुन्हा चढली. या वेळी उशिरा. पुन्हा चढली. पूर्वी ती चढायची तेव्हा शिडीला तिचं वजनच लागत नसावं असं वाटायचं. आता ती एकेक पायरी धरून चढत होती. वर उभी राहून खडूची पूड पुन्हा पुन्हा हाताला लावत होती, झोका धरून सोडत होती, परत धरत होती. एकदा तर थाप पडली तरी तिने झोका सोडलाच नाही, नुसती त्याला चिकटून मागेपुढे होत राहिली, आणि अंधारातून तिचं रडणं खालपर्यंत आलं. बाईंनी दिवे लावायला सांगितले.

"बास," त्या म्हणाल्या. मास्तरांकडे त्यांनी बघितलं, त्यात आता कीव नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. "मास्तर, हे तुम्ही आम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

आधी मास्तरांना तरी कुठे माहीत होतं? पण हे ऐकायला कुणी थांबलं नाही. पिसूला वाऱ्यातून काढलं. पाण्याच्या भागातली एक मुलगी झोक्यावर पूर्वी काम केलेली होती, तिला वर घेतलं. पिसूला दिली माती. तिला परत शिकवता येईल का, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा सांडशी म्हणाला, "ताल शिकवता येतो, काका. आता ती हात सोडताना घाबरते. ते कसं शिकवायचं?"

पहिला खेळ भरगच्च गर्दीत झाला. मास्तर आणि त्यांची बायको शेवटच्या रांगेत बसले. मातीच्या भागात चिखलाने माखलेली माणसं एकमेकांत गुंतून हळूहळू वर येत होती, आणि त्यातली पिसू कोणती हे आईलासुद्धा नीट सांगता येईना. ती गुडघाभर चिखलात होती, पाय पक्के जमिनीत. मग पाणी झालं, आग झाली, वारा आला. दिवे गेले. नव्याची थाप बंदुकीच्या गोळीसारखी वेळेवर पडली, दिवे लागले, दुसऱ्या कुणाची तरी मुलगी सांडशीच्या हातांत झुलत होती. लोक उठून उभे राहिले. मास्तरही उभे राहिले आणि त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या पोटातला तो गोळा विरघळला होता. श्वास खोल जात होता. बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला काय दिसलं कुणास ठाऊक, तिने मान खाली घातली.

ते मागे कपडेपटात गेले तेव्हा पिसू स्टुलावर बसून कानांतली माती काढत होती. अंगावर वाळलेला चिखल तडकला होता. वाऱ्यातल्या मुलीभोवती बाहेर गलका चालला होता, तो सगळा आत ऐकू येत होता.

"छान झालं," मास्तर म्हणाले.

पिसूने वर बघितलं. बापाचा चेहरा तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून, उजेडात, खेळ संपल्याबरोबर बघितला असेल.

"मी आता वर जात नाही," ती म्हणाली. "बरं वाटलं ना बाबा तुम्हाला?"

"नाही गं," मास्तर म्हणाले.

पण ते म्हणायला त्यांना अर्धा श्वास उशीर झाला, आणि हा उशीर पिसूइतका साऱ्या जगात कुणाला ओळखीचा नव्हता. ती स्टुलावरून उठली, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि नळाकडे जाता जाता आईला म्हणाली, "यांना घेऊन जा घरी. मी येईन माझी माझी."